किल्ल्याच्या किल्ल्या

नमस्कार, श्रोतेहो.

लंडनचा टॉवर बघून आलो असं मी सोसायटीत सांगितलं, तेव्हा आमच्या वॉचमनचा पहिला प्रश्न होता, "साहेब, कितव्या मजल्यावर गेला होतात?" त्याचं काही चुकलं नाही. आपल्या ठाण्यात टॉवर म्हणजे घोडबंदर रोडवरचा. हा टॉवर मात्र किल्ला आहे. थेम्स नदीच्या काठी, विल्यम राजाने अकराव्या शतकात बांधायला घेतलेला. आणि या किल्ल्याला रोज रात्री कुलूप घालतात. रोज रात्री. सातशे वर्षांच्या आसपास हे चाललंय म्हणे. 'सेरेमनी ऑफ द कीज' असं त्याचं नाव. आपण म्हणू या, किल्ल्याच्या किल्ल्यांचा सोहळा.

आता लंडनला जाऊन कुणी कुलूप लावणं कशाला बघेल? पण मी बँकेतला माणूस. स्ट्राँगरूमची एक चावी बावीस वर्षं माझ्याकडे होती आणि दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही चाव्या फिरल्याशिवाय तिजोरी उघडतही नाही आणि बंदही होत नाही. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं गेलो आणि जावयांनी विचारलं, "बाबा, काय दाखवू?" तेव्हा राणीचा वाडा, ते मोठं चाक वगैरे आमच्या हिने निवडलं. मी हे निवडलं.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तिकीट आधी, ऑनलाइन काढावं लागतं आणि ते फार लवकर संपतं. आम्हाला माणशी पाच पौंड पडले. दुसरी गोष्ट, रात्री साडेनऊला दारात हजर. पुन्हा सांगतो, साडेनऊ. नऊ एकतीसला गेलात तर बाहेर. तिथे विनवण्या चालत नाहीत. रायगडावर हिरकणीलाही कुणी दार उघडलं नव्हतं, ती कडा उतरून गेली. इथे तर उतरायला कडाही नाही. आणि हो, आत स्वच्छतागृह मिळत नाही. माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी हे तिसऱ्यांदा सांगायलाही माझी हरकत नाही.

आम्ही चाळीस-पन्नास माणसं असू. लाल किनारीचा काळसर निळा अंगरखा घातलेला एक रखवालदार आम्हाला आत घेऊन गेला. या मंडळींना योमन वॉर्डर म्हणतात. सगळे माजी सैनिक, किमान बावीस वर्षं नोकरी झालेले, आणि बायकापोरांसह किल्ल्यातच राहणारे. पायाखाली ओबडधोबड दगड, डाव्या हाताला उंच भिंत. उजवीकडे नदीकडून आत येणारं ट्रेटर्स गेट, म्हणजे राजद्रोह्यांचा दरवाजा. कैद्यांना होडीतून याच वाटेने आत आणत. आमच्यासमोर ब्लडी टॉवरची कमान. तिथे हातात संगीन लावलेली बंदूक घेऊन एक कोवळा शिपाई उभा होता. आमच्या नातवापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा दिसत होता.

फोटो काढायचा नाही, मोबाइल बंद. मला हे इतकं आवडलं की काय सांगू! आपल्याकडे हल्ली आरतीला टाळ्या वाजवायला हात मोकळा नसतो कुणाचा. असो.

दहाला सात मिनिटं कमी असताना अंधारातून मुख्य वॉर्डर आला. लांब लाल कोट, एका हातात मेणबत्तीचा कंदील, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. शिपायांची तुकडी त्याला येऊन मिळाली. कंदील एकाने घेतला. बाहेरचा दरवाजा बंद, मग आतला दरवाजा बंद. कुलपाचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही, बुटांचा आला. दगडावर बूट. मग ते कमानीकडे यायला लागले, आणि तो कोवळा शिपाई असा काही ओरडला की आमच्या हिने माझा दंड धरला.

"हॉल्ट! हू कम्स देअर?" थांबा! कोण येतंय?

वॉर्डर म्हणाला, "द कीज." किल्ल्या.

"हूज कीज?" कुणाच्या किल्ल्या?

"किंग चार्ल्सेस कीज." चार्ल्स राजांच्या.

आणि श्रोतेहो, त्या शांततेत मला हसू फुटलं. तोंडावर रुमाल धरला, खोकल्याचं सोंग केलं. ही माझ्याकडे बघतेय, जावई बघतायत. पण मी तिथे नव्हतोच. मी होतो ठाण्यात, 26 जुलै 2005 ला.

तो मंगळवार तुम्हीही विसरला नसाल. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आमच्या हेड कॅशियर बाई दुपारी बँकेच्या गाडीतून मुलुंडच्या शाखेत रोकड पोचवायला गेल्या होत्या. त्यांची चावी त्यांच्याजवळ. नियमच तसा, चावी अंगावेगळी करायची नाही. मुलुंडला रोकड पोचली, पण परत येताना गाडी पाण्यात बंद पडली. इकडे शाखेत वीज गेली, फोन लागेना. स्ट्राँगरूम उघडी, आत दिवसभराची रोकड, आणि माझ्या हातात अर्धी चावी. म्हणजे चावी पूर्ण, पण कुलूप अर्धं. मॅनेजरसाहेब रजेवर. बाकीच्यांना मी घरी पाठवलं. राहिलो मी आणि आमचे बंदूकवाले रखवालदार, साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. नोटांची बंडलं आम्ही सगळ्यात वरच्या फळीवर चढवली. स्टीलच्या पेल्यात मेणबत्ती उभी केली. पाणी पहिल्या पायरीला लागलं, मग दुसऱ्या. मी तिजोरीसमोर खुर्ची टाकून बसलो. रखवालदार अर्ध्या उतरवलेल्या शटरपाशी, मांडीवर बंदूक. आठ वाजले, नऊ वाजले. बाहेर फक्त पाण्याचा आवाज.

साडेनऊच्या सुमाराला शटरवर थाप पडली. रखवालदार उठले, बंदूक सरळ केली आणि गरजले, "कोण हाय?"

बाहेरून धापा टाकत आवाज आला, "चावी!"

"कुणाची चावी?"

"अहो, बँकेची चावी! उघडा आधी!"

शटर वर केलं तर बाई. कमरेपर्यंत भिजलेल्या म्हणू का, डोक्यापर्यंत भिजलेल्या म्हणू! गाडीत वाट बघून बघून अंधार पडल्यावर लोकांच्या साखळीतून चालत आलेल्या. एक चप्पल गेलेली. पर्समधली चावी त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून अंबाड्यात खोचली होती. अंबाड्यात! ती ओली पिशवी सोडवायला पाच मिनिटं लागली. मग मेणबत्ती रखवालदारांनी धरली, एक चावी मी फिरवली, एक बाईंनी फिरवली. तिजोरी बंद.

नंतर वरच्या कार्यालयातून लेखी खुलासा मागवला गेला. तिजोरी विहित वेळेत का बंद झाली नाही? मी एका ओळीत लिहिलं, पावसामुळे. उत्तर आलं, "सदर विलंबाची नोंद घेण्यात आली आहे. यापुढे दक्षता घ्यावी." पुढच्या पावसाला मी काय दक्षता घेणार होतो, देव जाणे.

हे मी का सांगतोय? कारण लंडनच्या या कुलपालाही एकदा उशीर झाला होता. दुसऱ्या महायुद्धात, 1940 च्या डिसेंबरात, ऐन सोहळ्याच्या वेळी किल्ल्यात आगीचे बॉम्ब पडले. वॉर्डर आणि शिपाई धक्क्याने खाली कोसळले. उठले, कपडे झटकले, आणि पुढे चालू लागले. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने राजाला, सहाव्या जॉर्जला, पत्र लिहून उशिराबद्दल माफी मागितली. राजाने कळवलं की उशीर शत्रूमुळे झाला आहे, अधिकाऱ्याला शिक्षा नको. बघा! राजाला कळतं, आमच्या वरच्या कार्यालयाला कळत नाही.

बाकी ठाण्यालाही किल्ला आहे बरं का. तुरुंग म्हणून आपण त्याच्याकडे बघतही नाही. इंग्रजांनी त्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या कारभाऱ्याला, त्रिंबकजी डेंगळ्यांना, ठेवलं आणि 1816 मध्ये ते निसटले. खिडकीखाली एक मोतद्दार घोडा चोळता चोळता गाणं म्हणायचा, त्या गाण्यात पळून जायचा बेत, असं सांगतात. पहारेकरी गोरे, त्यांना मराठी येत नव्हतं. तेव्हा पहाऱ्यावर ठेवायच्या माणसाला आधी तिथली भाषा शिकवावी, हे माझं मत मी सोसायटीच्या सभेतही मांडलंय. मंजूर झालं नाही.

तर, लंडन. शिपाई म्हणाला, जाऊ द्या किल्ल्या, सगळं ठीक आहे. तुकडी कमानीतून आत गेली, मागोमाग आम्ही. पायऱ्यांवर पहाऱ्याची दुसरी तुकडी उभी होती. मुख्य वॉर्डरने टोपी उंच धरली आणि म्हणाला, देव चार्ल्स राजांचं रक्षण करो. सगळे म्हणाले, आमेन. तेवढ्यात दहाचे ठोके पडले आणि बिगुल वाजला. बस. किल्ल्या आत गेल्या. टाळ्या नाहीत, भाषण नाही, सत्कार नाही. आपला कोहिनूरही याच किल्ल्यात ठेवलाय, तेव्हा निदान तो नीट कुलपात आहे एवढी खात्री मी करून आलो.

मोठ्या दरवाजातल्या लहान दिंडीतून आम्हाला एकेक करून बाहेर काढलं. टॉवर हिल स्टेशनकडे चालताना गार वारा सुटला म्हणून मी कोटाच्या खिशात हात घातला. हाताला काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर नौपाड्यातल्या घराच्या चाव्या. दोन्ही जोड. शेजारच्या वहिनींना तुळशीला पाणी घालायला द्यायची होती ती जोडसुद्धा.

ही काही बोलली नाही. घड्याळात बघितलं. ठाण्यात पहाटेचे अडीच वाजून गेले होते.