शिंगाविना गेंडा

(दृश्य: सकाळ, गवताळ उतार. गाडीचं इंजिन बंद. गवत तुटण्याचा आवाज.)

हा आवाज नीट ऐका. गाडीपासून वीसेक पावलांवर पांढऱ्या गेंड्याची मादी चरतेय. तिचे रुंद ओठ जमिनीला टेकलेत आणि विळा फिरावा तसं गवत बुडाशी कापलं जातंय. काळा गेंडा झुडपांचा पाला खातो, म्हणून त्याचा वरचा ओठ टोकदार असतो. ही गवतावर जगणारी, म्हणून तोंड असं चौकोनी. पिल्लू आईच्या पुढे चालतंय. काळ्या गेंड्याचं पिल्लू आईच्या मागून जातं.

गेंडा म्हटलं की आपल्याला काझीरंगातला एकशिंगी आठवतो. आफ्रिकेतल्या दोन्ही जातींना दोन-दोन शिंगं असतात. या मादीला मात्र एकही नाही. नाकावर दोन गुळगुळीत खुंट तेवढे दिसतात.

(दृश्य: आकाशातून नदीचं वळण.)

हे ह्लुह्लुवे-इम्फोलोझी उद्यान. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, सुमारे 960 चौरस किलोमीटर. काळी आणि पांढरी इम्फोलोझी या दोन नद्या जिथे मिळतात, तो मुलूख एकेकाळी झुलू राजांच्या शिकारीचा. 1895 मध्ये तो अभयारण्य म्हणून राखला गेला, तेव्हा दक्षिणेकडचे पांढरे गेंडे, म्हणजे या मादीची उपजात, जगात शंभराच्या आतच उरले होते, तेही इथेच.

(दृश्य: हत्तींचा कळप, मग झाडाखाली सिंह.)

हत्ती आणि सिंह इथून नाहीसे झाले होते. 1958 मध्ये एक नर सिंह आपल्या पायांनी इथे येऊन पोचला. माद्या पुढे माणसांनी आणून सोडल्या. हत्ती 1981 पासून दक्षिण आफ्रिकेतल्याच क्रुगर राष्ट्रीय उद्यानातून आणले. गेंडा मात्र इथून कधी गेलाच नाही. त्सेत्से माशीमुळे गुरांना जीवघेणा रोग होतो म्हणून 1942 ते 1950 या काळात इथली सत्तर हजारांहून अधिक रानजनावरं गोळ्या घालून मारली, त्यातूनही गेंड्याला वगळलं होतं.

(दृश्य: चिखलाचं डबकं. नर गेंडा लोळून उठतो.)

दुपारी सगळे चिखलाकडे येतात. या नराची एक कूस ओली, काळी. दुसरीवरचा चिखल वाळून राखाडी झालाय आणि भेगाळलाय. आता तो झाडाच्या खोडाला अंग घासेल. चिखलात अडकलेल्या गोचिड्या अशा निघतात. कानाशी बसलेला पक्षी उरलेल्या टिपतोय. तिथून तो शेणाच्या ठरलेल्या ढिगाकडे जातो, शेण टाकतो आणि मागच्या पायांनी उधळतो. हद्द कोणाची, हे बाकीच्या नरांना वासावरून कळतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी पेट्या, ट्रक, दोरखंड.)

साठच्या दशकापर्यंत इथे गेंडे वाढले, पण सगळे एकाच रानात. एखादी साथ आली असती तर जात संपली असती. इथले वनरक्षक इयन प्लेअर आणि त्यांचे सहकारी, त्यांत रान कोळून प्यालेले झुलू वाटाडे मागकुबू न्तोम्बेला, यांनी गेंडे बाहेर पाठवायचं मनावर घेतलं. एवढ्या जनावराला भूल द्यायची कशी, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. औषध कमी पडलं तर गेंडा मैलोनमैल पळायचा, जास्त झालं तर मरायचा. एटॉर्फिन हे भुलीचं जालीम औषध हाती आलं आणि गणित बसलं. भुलीची सुई लागली की घोड्यावरून माग काढायचा, डोळे बांधायचे, पेटीत घालायचं, ट्रकवर चढवायचं. 1961 पासून क्रुगरला गेंडे जाऊ लागले, 1970 मध्ये 20 इंग्लंडच्या व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयाला, 1971 मध्ये 20 अमेरिकेत सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाला. आज दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्यांची संख्या 15 ते 17 हजारांच्या घरात आहे. ते सगळे याच मातीतले.

(दृश्य: हेलिकॉप्टर. गेंडा धावतो, डळमळतो, बसतो.)

आणि आता हे. 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेत चोरट्यांनी शिंगांसाठी 499 गेंडे मारले, त्यांतले 307 या एका उद्यानात. म्हणून एप्रिल 2024 पासून इथल्या बाराशेहून अधिक गेंड्यांची शिंगं कापली.

डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. पशुवैद्य श्वास मोजतोय. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचाच पदार्थ. जिवंत मुळाच्या वर कापलं तर वेदना होत नाहीत. करवत फिरते, पांढरा भुसा उडतो. खाली अंथरलेल्या ताडपत्रीवरचा तो भुसाही गोळा करतात, कारण काळ्या बाजारात त्यालाही गिऱ्हाईक आहे. खुंट घासून गोल केला जातो, उतारा टोचतात.

(दृश्य: गेंडा उठतो, डोकं हलवतो, चालू लागतो. निवेदन नाही.)

आमच्या मते हे करायलाच हवं होतं. क्वाझुलू-नातालमध्ये 2023 साली 325 गेंडे मारले गेले, 2024 मध्ये 232. पण शिंग गेल्यावर काळ्या गेंड्यांच्या वावराचा टापू आखडतो, असंही आढळलंय.

शिंग पुन्हा वाढतं. दीड-दोन वर्षांनी याच जनावरावर पुन्हा हेलिकॉप्टर येणार, पुन्हा भूल, पुन्हा करवत. खर्चही तितकाच, आणि मधल्या काळात चोवीस तास गस्त आहेच.