मिसकॉल द्या, घरचा फोन उलटा लागेल
नमस्कार सोलापूरकर. माझी मावशी अशोक चौकाकडं राहती, विड्या वळती, तिच्याकडं बटणाचा साधा फोन. बोलण्यात बॅलन्स जायला नको म्हणून ती आमच्या लँडलाइनला मिसकॉल देती. आणि आमची आई जुळे सोलापुरात, गुडघे दुखतात, मागच्या खोलीतनं हॉलमध्ये येईस्तोवर रिंग बंद झालेली. दोघी सख्ख्या बहिणी, आणि आठ आठ दिवस बोलणं नाही. मला ते बघवायचं नाही, म्हणून घरातच छोटं टेलिफोन एक्स्चेंज बसवलं आणि त्यात कॉलबॅक, म्हणजे मिसकॉलला आपोआप उलटा फोन, लावला.

एक्स्चेंज म्हणजे तळहाताएवढा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर आणि त्यावर अ‍ॅस्टेरिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन पोरानं १९९९ साली लिहिलं, कारण तयार एक्स्चेंज विकत घ्यायला त्याच्याकडं पैसे नव्हते. सोबत फोनची लाइन कॉम्प्युटरला जोडणारा एक अडॅप्टर लागतो, त्यात एफएक्सओ नावाच्या खाचेत भिंतीतली लाइन आणि एफएक्सएस नावाच्या खाचेत आपला फोन, हे उलटं जोडू नका, अडॅप्टर जळू शकतो. लाइनीवर कॉलर आयडी, म्हणजे येणारा नंबर दिसायची सोय, चालू पाहिजे.

मावशीचा मिसकॉल आला की मशीन उचलत नाही, नुसता नंबर वाचतं, रिंग थांबली की अजून दहा सेकंद थांबतं. लाइन एकच, ती मोकळी व्हायच्या आत उलटा फोन लावला तर लागणार कसा?

माझे दोन रविवार मात्र एका शून्यापायी गेले. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरनं मोबाइल लावताना आधी शून्य लावायलाच लागतं, आणि आमच्याकडं येणारा नंबर दिसतो दहा आकडी. मशीन तोच जसाच्या तसा फिरवायचं आणि मावशीकडं रिंगच जायची नाही. आपण हातानं लावताना बोट आपोआप शून्यावर जातं, म्हणून लवकर डोक्यात येत नाही बघा. डायलप्लॅनमध्ये, म्हणजे फोन कसा लावायचा हे मशीनला सांगणाऱ्या यादीत, नंबराआधी शून्य टाकलं आणि लागला की फोन!

आता आधी कुणाकडं वाजवायचं? मी आईच्या उशाशी ठेवलेल्या फोनवर आधी वाजवतो, चांगलं मिनिटभर, तिनं उचललं की मगच मावशीला लागतो. साध्या लाइनीवर पलीकडच्यानं उचललं का नाही हे मशीनला नीट कळत नाही, उलट क्रम ठेवला तर मावशी नुसती हॅलो हॅलो करत बसती.

आणि कॉलबॅक फक्त यादीतल्या नंबरांना, हे कळकळीनं सांगतो. परदेशातनं मुद्दाम मिसकॉल देणारे असतात, आपण उलटा लावला की बिल चढतं. पासवर्ड अवघड ठेवा, मशीन बाहेरच्या इंटरनेटला उघडं ठेवू नका, लाइट जाते म्हणून छोटा यूपीएस लावा.

रात्री दहानंतर मी कॉलबॅक बंद ठेवला होता, आईची झोपमोड नको म्हणून. तिला कळल्यावर म्हणाली, "अरे, रात्रीचा मिसकॉल कोण उगीच देतंय का? चालू ठेव तो." त्याच रात्री चालू केला.