चंद्र आपल्या गच्चीतून बघायचा

नमस्कार मंडळी,

काही वर्षांपूर्वी एका जुलैत आई साताऱ्याहून आमच्याकडे टोरांटोला आली. बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि गुंडाळी करून आणलेलं कालनिर्णय. आल्याआल्या ते फ्रिजवर लागलं. लवकरच संकष्टी आली. चंद्रोदय छापला होता पावणेदहाच्या सुमारास. मोदक झाले, ताम्हन-पळी घेऊन आई बाल्कनीत उभी राहिली. चंद्राचा पत्ता नाही! दिवसभराचा उपास, आणि मी म्हणतेय, "आई, वेळ झाली, जेवून घे." ती म्हणाली, "दिसल्याशिवाय कसं जेवू?" अकराच्या सुमारास समोरच्या पार्किंगमागून तांबूस चंद्र वर आला, तेव्हा तिने अर्घ्य दिलं.

छापलेली वेळ मुंबईची होती, एवढीच गोष्ट. पण मला नंतर कळलं की तारीखही चुकू शकते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. हा क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच असतो, पण आपलं घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे. म्हणून भारतात सोमवारी असलेली संकष्टी इथे कधी रविवारीच येते. गणेश चतुर्थीचंही कधीकधी तसंच होतं.

"पंचांगात लिहिलंय ते लिहिलंय" असं आपल्याकडे ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी केरो लक्ष्मण छत्र्यांची आठवण करून देते. लोकमान्य टिळकांचे हे गुरू. त्या काळी आपली पंचांगं गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'वरून, म्हणजे १५२० च्या सुमाराच्या गणितावरून चालत. इतक्या शतकांत ते गणित आकाशापासून थोडं ढळलं होतं. छत्र्यांनी युरोपातल्या नव्या कोष्टकांचा आधार घेऊन १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा मराठी ग्रंथ छापला आणि १८६५ पासून त्या गणिताचं पंचांग निघू लागलं. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. त्यावरून पुढे कितीतरी वर्षं वाद चालले. कसोटी मात्र जुनीच होती: गणिताने सांगितलं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. आपल्या ज्योतिषात याला दृक्प्रत्यय म्हणतात. शब्द मला फार आवडतो.

आई त्या रात्री बाल्कनीत तेच तर करत होती. तिने छत्र्यांचं नाव कधी ऐकलेलं नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी कळकळीची विनंती आहे. बारा संकष्ट्यांच्या इथल्या तारखा आणि इथल्याच चंद्रोदयाच्या वेळा काढून प्रत्येक घरी पाठवा. आज फोनवर हे गणित पाच मिनिटांत होतं. शाळकरी मुलांना ते करायला द्या. माझ्या लेकीने गेल्या वर्षी केलं, आणि तिथी म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

परवा आईचा फोन आला. आधी नातीला विचारलं, "तुमच्याकडे चंद्र किती वाजता गं?"