पालुपद चुकवू नका: इंग्लिश लोककथा सांगण्याविषयी

मंडळी, आज एकाच कथेपाशी जास्त वेळ थांबायचं आहे. तिचं नाव टॉम टिट टॉट. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यातली ही कथा १८७८ साली इप्सविचच्या वर्तमानपत्रात तिथल्या बोलीत छापून आली. पुढे १८९० मध्ये जोसेफ जेकब्ज यांनी आपल्या इंग्लिश परीकथांच्या संग्रहात तिला पहिलं स्थान दिलं. माझ्या मते हा मान योग्यच होता, कारण सांगणाऱ्याला जे जे शिकायचं असतं ते बहुतेक सगळं हिच्यात सापडतं.

एका बाईनं पाच पाई, म्हणजे पारीत सारण भरलेले इंग्लिश पदार्थ, भाजले, पण पारी फार कडक झाली. ती लेकीला म्हणाली, "फळीवर ठेव, थोड्या वेळानं येतील परत." पारी मऊ पडेल, असं तिला म्हणायचं होतं. पोरीनं विचार केला, परत येणारच असतील तर हे खाऊन टाकू. पाचही फस्त! मग आई दारात चरख्यावर बसून गाऊ लागली, "माझ्या लेकीनं खाल्ले पाच, पाच पाई आज." तेवढ्यात रस्त्यानं राजा आला. काय गातेस, असं त्यानं विचारल्यावर तिला लाज वाटली आणि तिनं ओळ फिरवली, "माझ्या लेकीनं कातल्या पाच, पाच लडी आज." राजा म्हणाला, मला अशीच बायको हवी. ११ महिने हवं ते खाणं, हवे ते कपडे, हवी ती संगत. बाराव्या महिन्यात मात्र रोज पाच लडी सूत, नाहीतर जीव जाईल.

इथं पहिली चूक होते. सांगणारा 'पाच'कडे दुर्लक्ष करतो, कधी 'पुष्कळ पाई' म्हणतो, कधी लडी सात करतो. पाच पाईंच्या पाच लडी झाल्या, यावर ही सगळी गोष्ट उभी आहे. आकडा हलला की आईची ती लाजिरवाणी थाप ऐकणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. दोन्ही ओळी एकाच चालीत म्हणा आणि फक्त 'खाल्ले' व 'पाई' बदला.

बारावा महिना लागतो. खोलीत चरखा, स्टूल आणि जवसाचे तंतू. पोरीला कातता येत नाही, ती रडत बसते. दारावर खालच्या बाजूला टकटक होते. दार उघडलं तर काळं, लहानसं, लांब शेपटीचं काहीतरी उभं. ते रोज सकाळी तंतू नेणार, रात्री पाच लडी आणून देणार. मोबदला एवढाच, की रोज रात्री तीन वेळा नाव ओळखायची संधी, आणि महिना संपेपर्यंत ओळखलं नाही तर पोरगी त्याची.

मूळ सांगण्यात या प्राण्याला बहुतेक वेळा नुसतं 'ते' म्हटलंय. हे जपा. 'बुटका', 'भूत', 'राक्षस' असा कुठलाही शिक्का मारलात की ऐकणाऱ्याला त्याची ओळख आधीच पटते, आणि नाव शोधण्यातली ओढ तिथंच जाते. 'ते' आलं, 'ते' हसलं, 'त्या'नं शेपूट फिरवली. शेपूट हाच त्याचा चेहरा. अंदाज चुकला की शेपूट फिरते आणि महिना सरत जाईल तशी ती अधिक वेगानं फिरते. हा वेग आवाजात आणा. हातानं शेपूट काढून दाखवू नका, दोनदा दाखवली की पोरं शेपटीलाच हसत बसतात.

महिनाभराच्या रात्री कशा सांगायच्या? पहिली पूर्ण सांगायची. मधल्या सगळ्या दोन-तीन वाक्यांत. शेवटच्या दोन पुन्हा पूर्ण. पहिल्या रात्रीची नावं रोजच्या वापरातली: बिल, नेड, मार्क. नंतर निकोडेमस, मथुशलह अशी बायबलमधली नावं येतात. गावातली नावं संपली, आता ती चर्चमध्ये कानावर पडलेली नावं आठवतेय, हे न सांगता कळतं. म्हणून हा क्रम उलटा करू नका.

शेवटून दुसऱ्या रात्री राजा तिच्याकडे जेवायला येतो आणि सहज सांगतो, आज शिकारीला गेलो होतो, खडूच्या जुन्या खाणीत एक गमतीदार काळं ध्यान चरखा फिरवत गात होतं: "निम्मी निम्मी नॉट, माझं नाव टॉम टिट टॉट." राजाला यातलं काहीही ठाऊक नाही. तो फक्त हसतोय. कथाकारानं इथं डोळे बारीक केले, आवाज गूढ केला, की सगळं फसतं. राजा खुशालचेंडू राहिला पाहिजे, घास पोरीच्या घशात अडकला पाहिजे.

आणि हे कवन जसंच्या तसं पाठ हवं. शेवटच्या रात्री ती आधी दोन चुकीची नावं घेते, सॉलोमन आणि झेबेदी. 'ते' जवळ येतं, काळा हात पुढे करतं. ती एक पाऊल मागे सरते, हसते, बोट रोखते: "निम्मी निम्मी नॉट, तुझं नाव टॉम टिट टॉट!" 'माझं'चं 'तुझं' झालं, बाकी अक्षरही हललं नाही. आदल्या वेळी तुम्ही कवन ढिलं म्हटलं असेल तर इथं टाळी येत नाही. बोट रोखण्याआधी एक श्वास थांबा, त्याहून जास्त नाही. ऐकणाऱ्यांना उत्तर माहीत आहे, लांबवलं तर एखादं मूल आधीच ओरडून सांगतं. मग 'ते' किंचाळून अंधारात उडून जातं, पुन्हा कधीच दिसत नाही. तिथंच थांबा. पुढच्या वर्षी राजानं काय केलं, ते जोडू नका.

ही कथा सांगायला साधारण १२ ते १५ मिनिटं लागतात. तयारीसाठी छापील मजकूर दोनदा वाचून पुस्तक मिटा. सहा-सात प्रसंग नुसत्या वस्तूंनी आठवा: फळी, चरखा, बंद खोली, खिडकी, जेवणाचं ताट, खाण, काळा हात. मग आख्खी कथा दोन मिनिटांत मोठ्यानं बोला. दोन मिनिटांत जे सुटलं आणि तरी कथा टिकली, ते सजावटीचं समजा. पाठांतर फक्त पालुपदांचं. सगळा मजकूर पाठ करणाऱ्याचा एक शब्द अडला की पुढचे शंभर अडतात, प्रसंग डोळ्यांपुढे असणाऱ्याला दुसरा शब्द सापडतो.

मिस्टर फॉक्स या कथेची जात वेगळी आहे. लेडी मेरी आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या वाड्यात एकटी जाते. फाटकावर लिहिलेलं असतं, 'धीट हो, धीट हो'. पुढच्या दारावर, 'पण फार धीट नको'. आतल्या दारावर, 'नाहीतर काळजातलं रक्त गोठेल'. तिथं तिला काय दिसतं, हे दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर ती स्वप्न म्हणून सांगते, आणि तो पुन्हा पुन्हा म्हणतो, "तसं नाही, तसं नव्हतं, आणि देव करो, तसं न होवो." १६०० साली छापलेल्या शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेत एक पात्र हेच वाक्य 'जुन्या गोष्टीतलं' म्हणून उच्चारतं, इतकं ते जुनं आहे. अडचण अशी, की सगळा प्रसंग ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा ऐकावा लागतो. म्हणून पहिल्यांदा वाडा दाखवा, दुसऱ्यांदा फॉक्सचा चेहरा. शेवटी ती वाड्यातून आणलेला, दुसऱ्या एका बाईचा अंगठीसकट तुटलेला हात पुढे धरते, तेव्हा आवाज चढवायची गरजच नसते. ही कथा लहान मुलांसमोर नको.

आता कथा कुठून आली, याबद्दल. जेकब्ज यांनी भाषा सरळ केली, काही तपशील बदलले, आणि मूळ कुठलं ते संग्रहाच्या शेवटी टिपांमध्ये नोंदवलं. त्या टिपा आधी वाचा. टॉम टिट टॉटची भावंडंही शोधा. स्कॉटलंडमध्ये व्हपिटी स्टूरी आहे, तिथं हिरव्या कपड्यांतली बाई आजारी डुकरीण बरी करते आणि बदल्यात मूल मागते. कॉर्नवॉलमध्ये टेरीटॉप नावाचा सैतानच सूत कातून देतो. दोन रूपं एका सांगण्यात मिसळू नका, मागण्या वेगळ्या असल्यानं भीतीही वेगळ्या आहेत.

जेकब्ज यांनी १८९२ मध्ये भारतीय कथांचाही संग्रह काढला. त्यातली पंचकिनची कथा मेरी फ्रिअर यांच्या १८६८ च्या पुस्तकातली आहे. वडील मुंबईचे गव्हर्नर असताना दख्खनच्या दौऱ्यात त्यांनी ती आपल्या आयाकडून ऐकली होती. त्या आयाचं नाव अ‍ॅना लिबरेटा डिसूझा. तिचे आजोबा गोव्याजवळ स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेल्या लिंगायत घराण्यातले. मेरी यांनी तिची स्वतःची हकिकतही तिच्या नावानिशी पुस्तकात छापली, म्हणून आज आपण ते नाव घेऊ शकतो. कथा सुरू करण्याआधी दोन वाक्यं पुरतात: कुठली, आणि कोणाकडून आली. एखाद्या हयात कथाकाराची मांडणी उचलणार असाल, तर आधी त्यांना विचारा. परंपरेची कथा सगळ्यांची असते, त्यांनी घडवलेली वाक्यं त्यांची असतात.