१०१ ॲश स्ट्रीट: सही आधी, तपासणी नंतर

(दृश्य: एका जुन्या ऑफिसचं छत. त्यातला एक चौकोनी तुकडा काढलेला. वर पोलादी तुळई, तिच्यावर करडा, भुसभुशीत थर.)

ही तुळई नीट बघा. तिच्यावरचा हा कापसासारखा थर आगीच्या उष्णतेनं पोलाद कमकुवत होऊ नये म्हणून फवारलेला आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत उंच इमारती बांधताना या फवाऱ्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे आगीत न जळणारं तंतुमय खनिज, सर्रास घालत. १९७३ मध्ये अशा फवारणीवर बंदी आली. आधीचा थर मात्र होता तिथेच राहिला, छताच्या वर, कुणाच्या नजरेला न पडता.

त्याला धक्का लागला नाही तर सहसा धोका नसतो. पण कुणी ड्रिल लावलं, वायर ओढायला वर चढलं, भिंत फोडली, की त्यातले तंतू सुटतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन रुततात. मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर त्यातून होतो, आणि तो कळायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षंही जातात. म्हणून जुन्या इमारतीत दुरुस्ती काढण्याआधी छत उघडून नमुने घ्यायचे असतात.

(दृश्य: सॅन दिएगो शहराचा मध्यभाग. एकोणीस मजली इमारत.)

कॅलिफोर्नियातलं सॅन दिएगो. पत्ता, १०१ ॲश स्ट्रीट. ही इमारत त्याच दशकातली, एका वीज आणि गॅस कंपनीचं जुनं मुख्यालय. शहर प्रशासनाला कर्मचाऱ्यांसाठी जागा हवी होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये नगर परिषदेनं व्यवहार मंजूर केला. तेव्हा महापौर होते केविन फॉल्कनर. इमारत थेट विकत घेतली नाही. सिस्टेरा नावाची विकासक कंपनी मध्ये आली. शहरानं वीस वर्षं भाडं भरायचं आणि शेवटी मालकी शहराकडे, असा करार झाला. भाडं महिन्याला सुमारे ५ लाख ३५ हजार डॉलर. एकूण रक्कम १२ कोटी डॉलरच्या वर.

आणि परिषदेपुढे इमारतीच्या स्थितीबद्दल काय मांडलं गेलं? बाहेरून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवायला लागेल, खर्च दहा हजार डॉलर.

या आकड्यापाशी थांबायला हवं होतं. पन्नासेक वर्षांची, एकोणीस मजली इमारत, आणि काम काय तर धुणं! एवढंच कानावर पडलं असतं तरी कुणीतरी विचारायला हवं होतं: ही पाहणी केली कुणी? त्याचे पैसे कुणी दिले? छत उघडलं होतं का? आत नव्यानं रचना करायची तर ॲस्बेस्टॉसला धक्का लागणार, त्याचं काय? शहरानं स्वतःचा, स्वतंत्र तज्ज्ञ नेमून इमारत तपासून घेतली नव्हती. आणि करार होता ‘आहे त्या स्थितीत’. म्हणजे आत जे निघेल ते शहराच्या गळ्यात.

(दृश्य: रिकामी टेबलं, बंद लिफ्ट.)

नूतनीकरणाचा खर्च जवळपास ३ कोटी डॉलरच्या घरात गेला. काम चालू असतानाच ॲस्बेस्टॉसच्या तक्रारी आल्या, हवा प्रदूषण नियंत्रण विभागाच्या नोटिसा आल्या. तरीही डिसेंबर २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांना तिथे हलवायला सुरुवात झाली. जानेवारी २०२० मध्ये, जेमतेम महिन्याभरात, इमारत रिकामी करावी लागली. भाडं चालूच. दिवसाला साधारण अठरा हजार डॉलर, आणि आत बसायला कुणी नाही. सप्टेंबर २०२० मध्ये शहरानं भाडं थांबवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

इथून पुढे ज्यांनी चिकाटी धरली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. स्थानिक पत्रकारांनी माहिती अधिकारासारख्या तिथल्या कायद्याखाली ईमेल, अहवाल, करार मागवले, एकेक पान लावून वाचलं. एका करदात्यानं करारच बेकायदा आहे म्हणून दावा लावला. कामगारही कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही त्या धुळीत काम केलं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. २०२१ मध्ये शहराच्या लेखापरीक्षकानंही अशा मोठ्या खरेदीची पद्धत तपासून त्यातल्या उणिवा उघड मांडल्या.

(दृश्य: कागदपत्रांचा गठ्ठा, एका ओळीवर बोट.)

सगळ्यात धक्कादायक बाब कोर्टाच्या कामात बाहेर आली. मालमत्तेच्या व्यवहारांत महापौरांचा सल्लागार म्हणून काम करणाऱ्या माणसाला लोक विनामोबदला स्वयंसेवक समजत होते. त्याला सिस्टेराकडून पैसे मिळाले होते. हा व्यवहार आणि शहराचा आणखी एक भाडेकरार मिळून ९४ लाख डॉलर. मोबदला घेणार हे आपण अधिकाऱ्यांना सांगितलं होतं, असं त्याचं म्हणणं. मार्च २०२३ मध्ये त्यानं सल्लागार असताना त्याच व्यवहारात स्वतःचा आर्थिक हितसंबंध ठेवल्याच्या गुन्ह्याची कबुली दिली आणि रक्कम परत केली. शिक्षा झाली ती किरकोळ गुन्ह्याची, आणि माझ्या मते ती फारच तोकडी.

त्याआधीच, जुलै २०२२ मध्ये, परिषदेनं तडजोड मंजूर केली होती. १०१ ॲश स्ट्रीट ८ कोटी ६० लाख डॉलरला, आणि त्या दुसऱ्या करारातली सिव्हिक सेंटर प्लाझा ही इमारत ४ कोटी ६० लाखांना शहरानं विकत घेतली. शहराच्या वकील मारा एलियट यांचा या तडजोडीला विरोध होता. २०१६ मध्ये नगरसेवक असताना मूळ कराराच्या बाजूनं उभे राहिलेले टॉड ग्लोरिया तोवर महापौर झाले होते. तडजोड त्यांच्याच प्रशासनानं पुढे आणली. वापरता न येणारी इमारत अशी शहराच्या नावावर झाली.

पुढे तिथे परवडणारी घरं करण्याचा विचार निघाला. शहरात घरांची टंचाई आहे, त्यामुळे कल्पना चांगली आहे. पण राहायला कुणी येण्याआधी प्रत्येक मजल्यावरचं छत उघडावं लागेल, हवाबंद पडदे लावून, मास्क घालून तो थर खरवडावा लागेल, आणि हवेचे नमुने प्रयोगशाळेत जातील. त्यांचे अहवाल कोण लिहितं, कोण तपासतं आणि लोकांना ते कुठे वाचायला मिळतात, हे मजल्यागणिक विचारावं लागणार आहे.