प्रभावळकर : एका चेहऱ्याचे भाडेकरू

[तलावपाळी, पहाट. बोटी काठाला बांधलेल्या.]

ठाण्याची तलावपाळी. सकाळचे साडेसहा. बोटवाले अजून यायचेत आणि चालून दमलेली आजोबा मंडळी कट्ट्यावर टेकली आहेत. यांच्याकडे जरा नीट बघा. पहिल्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्यांचा आधी हात वर जातो, शब्द मागून सापडतो. तिसऱ्यांना ऐकू कमी येतं, पण ते कबूल नाही. बाकीचे हसले की एक क्षण थांबून तेही हसतात.

मागे दिसतंय ते राम गणेश गडकरी रंगायतन. 1978पासून इथेच. मध्यंतरी दुरुस्तीसाठी बरेच महिने कुलूप होतं, आता पुन्हा तिसरी घंटा वाजते.

या फिल्मचा नायक ठाण्याचा नाही. दिलीप प्रभावळकर मुंबईचे, जन्म 4 ऑगस्ट 1944चा. पण ठाण्यातल्या कुठल्याही हौशी नटाला म्हाताऱ्याचं काम द्या आणि तालमीच्या पहिल्या दिवशी तो काय करतो ते बघा. खांदे किंचित पुढे, मान किंचित बाजूला, आवाज जरा बारीक. नव्वद टक्के वेळा तो ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले प्रभावळकरांचे आबा करत असतो. दिग्दर्शक ओरडतो, ‘अरे, प्रभावळकर नको, तू कर!’ म्हणून ही फिल्म ठाण्यात.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. प्रभावळकर स्वतः आमच्या कॅमेऱ्यासमोर नाहीत. त्यांच्या मालिकांची दृश्यंही नाहीत, ती मिळवणं आमच्या खिशाबाहेरचं. आमच्याकडे रंगपट आहे, आणि त्यात बसलेला हा मुलगा.

[रंगपट. आरसा, बल्ब, पत्र्याची पेटी उघडताना.]

हा चोवीस वर्षांचा आहे. दिवसा वागळे इस्टेटमध्ये नोकरी, संध्याकाळी तालीम. आज एकांकिकेत याला पंचाहत्तरीचं व्हायचंय. त्याच्या मागे उभे आहेत ते नौपाड्यातले रंगभूषाकार, चाळीसेक वर्षं हेच काम करतायत. पेटीचं झाकण एका बाजूने चेपलेलं आहे. आत पॅनकेकच्या डब्या, क्रेपचे केस, स्पिरिट गमची बाटली, आणि एका कप्प्यात कागदात गुंडाळून ठेवलेल्या मिशा. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने नाव लिहिलंय, नटाचं नव्हे, पात्राचं. ‘मामलेदार’. ‘गुरुजी’. ‘दुसरा पोलीस’.

आता बघा. ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच रेघा ओढत नाहीत. आधी म्हणतात, कपाळाला आठ्या घाल. मग, डोळे मीच. मग, मोठ्याने हस. प्रत्येक वेळी कातडी जिथे दुमडते तिथे काडीने एक बारीक खूण. या मुलाच्या पंचाहत्तरीतल्या सुरकुत्या आजच त्याच्या चेहऱ्यात आहेत, फक्त दिसत नाहीत. खुणांवरून गडद रेघ, रेघेच्या कडेला उजळ रेघ, मग बोटाने दोन्ही एकमेकींत विरघळवायच्या. मागच्या रांगेतून नुसती रेघ दिसली तर तो म्हातारा वाटत नाही, काजळ पुसलेला वाटतो.

याला पाऊण तास लागतो. आम्ही तो पाऊण तास जवळजवळ सगळा शूट केला, कारण नाटकाच्या जाहिरातीत या माणसाच्या वाट्याला येते ती सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ. कधीकधी तीही नाही.

[पॅनकेक लावणारी बोटं, जवळून.]

तर प्रभावळकर. विज्ञानाचे विद्यार्थी, पुढे औषध कंपनीत नोकरी. नाटक संध्याकाळचं, या मुलासारखंच. रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यात, ‘अलबत्या गलबत्या’त, ते चेटकीण झाले. हल्लीच्या मुलांना ती चेटकीण वैभव मांगल्यांची म्हणून ठाऊक आहे. पण त्याआधीच्या पिढीची दातखीळ बसवली ती प्रभावळकरांनी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्यांचा प्रेक्षक सभ्यपणे कंटाळतो. पोरं कंटाळली की वेफर्सची पाकिटं फोडतात, शूला जाऊ लागतात. तिथे लांब नाक लावून, आवाज फाडून दोन अंक धरून ठेवणारा नट पुढे टीव्हीवर कुणाला घाबरेल?

[दुरुस्तीचं दुकान. लाकडी शटरचा जुना टीव्ही.]

हा सेट कोपरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात सापडला. सरकतं लाकडी शटर, त्याला कुलूप लावायची सोय. मालक परगावी निघाला की टीव्हीला कुलूप, म्हणजे शेजारची पोरं वीज जाळणार नाहीत! मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972ला. ठाण्यात चाळीवर एखादाच अँटेना. चित्र हललं की एक जण गच्चीवर, एक जण दारात, आणि मधल्या जिन्यातून आरडाओरडा : आलं, आलं, गेलं, थांब, तसाच धर!

अशा डब्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिमणराव आले. चिं. वि. जोशींचे चिमणराव, पुण्याचे भिडस्त, बिचकणारे, स्वतःच्याच फजितीचे प्रामाणिक बातमीदार. त्याआधी सिनेमात दामूअण्णा मालवणकरांनी चिमणराव रंगवले होते, म्हणजे तुलना करायला टपलेले लोक हयात होते. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ, निर्मिती विजया जोगळेकर-धुमाळे यांची. एक काडी, एक सोटा. गुंड्याभाऊ बोलायला लागले की चिमणराव नुसते ऐकायचे, आणि लोक त्या ऐकण्याला हसायचे. त्या काळात टेपा महाग, एकीवर पुसून दुसरं मुद्रण व्हायचं. आज शोधायला जावं तर हाताला तुकडे लागतात. हा टीव्हीही बंदच आहे. दुकानदाराने आमच्यासाठी शटर मात्र तीन वेळा सरकवून दाखवलं, आवाज मिळावा म्हणून.

[नौपाडा. स्वयंपाकघर. ताटात मटार, डब्याला टेकवलेला मोबाइल.]

या काकू. मटार सोलतायत आणि पोह्यांच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ चालू आहे. कितव्यांदा, ते त्यांनी मोजलेलं नाही. स्क्रीनकडे फारसं बघतही नाहीत. संवाद यायच्या आधी ओठ हलतात. शेंग फुटते, दाणे ताटात, आणि मधेच त्या हसतात.

टिपरे आधी कागदावर होते. प्रभावळकरांनी ‘लोकसत्ता’त एका निवृत्त आजोबांची रोजनिशी लिहिली, ‘अनुदिनी’. त्यावरून मालिका, केदार शिंदेंच्या दिग्दर्शनात, अल्फा मराठीवर, 2001पासून. मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, नातवंडं शलाका आणि शिऱ्या, रेश्मा नाईक आणि विकास कदम. कुणी कुणाला विष घालत नाही, जिन्यावरून ढकलत नाही. घरात एक गोष्ट बिघडते, रात्री आबा वहीत लिहितात.

आबा झाले तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते. पात्र सत्तरीपुढचं. नाटकात पंधरा-वीस वर्षं वाढवणं सोपं, प्रेक्षक दूर बसलेला असतो. टीव्हीत कॅमेरा वीतभर अंतरावर येतो आणि विगची कड शोधतो. तिथे रेघा कामाला येत नाहीत. उठताना आधी हात कुठे टेकायचा, ऐकू आलेलं कळायला किती वेळ घ्यायचा, सुनेने रागावल्यावर डोळे कुठे न्यायचे, यातून वय येतं. आणि याच सुमाराच्या प्रेक्षकांनी यांना ‘साळसूद’मध्ये खलनायक म्हणून पाहिलं. चेहरा तोच. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू तेच, त्या बाहुल्याचा आवाजही त्यांचाच. बाहुला चालवत होते रामदास पाध्ये. लहानपणी जो मुलगा विंचूला घाबरून आईच्या पदरात शिरला, तोच पुढे आबांच्या शेजारी बसून जेवला. दोन्ही एकच माणूस आहे हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळलं.

[विंग. स्टॉपवॉच. कपडेबदल.]

आता आमचं सगळ्यात आवडतं दृश्य. या एकांकिकेत मुलाला म्हाताऱ्याशिवाय एक वॉचमनही करायचाय. मधे वेळ चाळीस सेकंद. विंगेत अंधार, फक्त बॅटरी. कपडेपट सांभाळणारा दादा खुर्चीवर पँट अशी पसरून ठेवतो की दोन्ही पाय एकदम आत जातील. बटणं नाहीत, वेल्क्रो आहे. टोपी तोंडाशी धरलेली. पहिल्या खेपेला बासष्ट सेकंद. दुसऱ्या खेपेला चव्वेचाळीस, पण मिशी उलटी. तिसऱ्यांदा एकोणचाळीस.

दोन भूमिकांची ही त्रेधा. आता ‘हसवाफसवी’ आठवा. नव्वदच्या दशकातलं नाटक, लिहिलेलं प्रभावळकरांनीच, आणि त्यात त्यांच्या सहा भूमिका. लिहितानाच स्वतःला फाशी द्यावी तसा प्रकार! विंगेतून एक माणूस आत जायचा आणि वेगळ्या उंचीचा वाटावा असा दुसरा बाहेर यायचा. त्यातले कृष्णराव हेरंबकर, संगीत रंगभूमीचे थकलेले गायक नट, आले की हशा हळूहळू उतरत जायचा आणि लोक गप्प व्हायचे. सहावेळा कपडे बदलणं समजू शकतं. सहावेळा श्वास बदलणं कसं जमत असेल, ते या मुलाला विचारा, तो अजून धापा टाकतोय.

आणि अशा प्रयोगाला विंगेत बॅटरी धरून कुणीतरी उभं असतंच. पात्रं सहा, हात मात्र आठ-दहा.

बाकीचं थोडक्यात. 2006 साली ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, त्याबद्दल आणि ‘शेवरी’बद्दल सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार. 2025मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, ‘दशावतार’मध्ये मुख्य भूमिका.

[रिकामा रंगमंच. एकच दिवा.]

इथे थोडं थांबू. विनोदी नटाच्या फिल्ममध्ये महाभारत कशाला, असं आमचा संकलकही म्हणाला. पण हे आमच्या गावाशी जोडलेलं आहे. सत्तरच्या दशकात मतकरींनी ‘आरण्यक’ केलं. धृतराष्ट्र झाले रवी पटवर्धन, आपले ठाणेकर. विदुर झाले प्रभावळकर. 2018मध्ये ते नाटक पुन्हा आलं, तेच धृतराष्ट्र, तेच विदुर. तेव्हा तरुणांनी म्हातारे रंगवले होते, या वेळी रंगवण्यासारखं फार उरलं नव्हतं. डिसेंबर 2020मध्ये रवी पटवर्धन गेले.

[प्रयोग. प्रेक्षागृहातून.]

तिसरी घंटा. मुलगा रंगमंचावर येतो. खांदे पुढे नाहीत, मान वाकडी नाही, आवाज त्याचा स्वतःचा, जरा जाड. घरातली मंडळी काहीतरी बोलून हसतात. म्हातारा थांबतो. सगळ्यांकडे एकदा बघतो. मग हसतो, एक क्षण उशिरा.

प्रेक्षागृहात हशा. दुसऱ्या रांगेत बघा, पांढरा शर्ट. सकाळचे तलावपाळीवरचे आजोबा, तिसरे. आम्हीच पास दिला होता. शेजारचे हसले, मग तेही हसले.

[रंगपट. प्रयोगानंतर.]

खोबरेल तेलाचा बोळा. मिशी आधी एका टोकाने सुटते, मग सगळी. रंगभूषाकार तिच्या मागचा गम नखाने खरवडतात, कागदाची पुडी करतात, खिशातून पेन्सिल काढतात आणि मुलाला विचारतात, या म्हाताऱ्याचं नाव काय रे? मुलगा आठवायला लागतो. संहितेत नुसतं ‘आजोबा’ आहे.

ते ‘उशिरा हसणारे’ असं लिहितात आणि पुडी ‘गुरुजीं’च्या शेजारी ठेवतात.