सरासरीत न दिसणारे शिखर

(भोवऱ्यांचे चलचित्र)

पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणारा हा प्रवाह प्रत्यक्षात कोठेही वाहत नाही. तो संगणकाने सोडवलेल्या समीकरणांतून उभा राहिला आहे. ०.४१ मीटर उंचीच्या वाहिनीत ०.१ मीटर व्यासाचा दंडगोल मध्यापासून किंचित खाली बसवला आहे. त्याच्या वरच्या कडेवरून निळा आणि खालच्या कडेवरून तांबडा भोवरा आळीपाळीने सुटत राहतो, सेकंदाला सुमारे तीन जोड्या या गतीने. शेफर आणि टुरेक या संशोधकांनी १९९६ मध्ये ही मांडणी कसोटी म्हणून प्रसिद्ध केली आणि आजही नवी संगणकप्रणाली तिच्यावर पारखली जाते.

(बलांच्या नोंदींची फाइल, जवळून)

चित्रापुढे ही फाइल रूक्ष वाटते, परंतु दंडगोलावर जास्तीत जास्त किती बल येते, याचे उत्तर हिच्यातूनच काढायचे असते. पहिल्या रकान्यात वेळ आहे, दुसऱ्यात प्रवाहाच्या दिशेने ओढणाऱ्या बलाचा गुणांक, म्हणजे ते बल दाखवणारी एककरहित संख्या, आणि तिसऱ्यात आडव्या, म्हणजे प्रवाहाला काटकोनात वर-खाली ढकलणाऱ्या बलाचा. सर्वांत मोठा आकडा कोणता, असे सरळ विचारले तर संगणक अगदी वरच्या ओळीकडे बोट दाखवतो, कारण स्थिर द्रवाला एकाएकी वेग दिल्यामुळे तेथे बलाची अवास्तव उसळी नोंदली गेली आहे. म्हणून भोवरे एका लयीत सुटू लागेपर्यंतचा सारा भाग आधी कापून टाकावा लागतो.

(आलेखावर सरकणारी उभी रेषा)

सरासरीसाठी आवर्तने, म्हणजे भोवऱ्यांची एकेक जोडी सुटण्याचे काळ, पूर्ण घ्यावी लागतात. अर्धे आवर्तन शिल्लक राहिले तरी आकडा एका बाजूला कलतो. गणनेतील वेळेची पावले, म्हणजे लागोपाठच्या दोन नोंदींमधील काळ, लहानमोठी असतील, तर प्रत्येक नोंदीला तिच्या पावलाएवढे वजन द्यावे लागते, आणि ओळींची नुसती बेरीज करून भागाकार करण्याची चूक सर्रास होते. आडव्या बलाची सरासरी शून्याच्या आसपास येते. त्याचा गुणांक शिखरावर मात्र ०.९९ ते १.०१ या कसोटीने ठरवलेल्या पट्ट्यात पोहोचतो, आणि ओढीचे शिखर ३.२२ ते ३.२४ मध्ये असावे लागते.

संपूर्ण प्रवाहक्षेत्र दर ०.१ सेकंदाने एकदाच साठवले, तर एका आवर्तनाच्या वाट्याला जेमतेम तीन चित्रे येतात आणि शिखर त्यांच्यामधून निसटते. बलाची नोंद प्रत्येक पावलाला एक ओळ एवढीच जागा घेते. तेथे काटकसर करणे आम्हाला तरी अनाकलनीय वाटते.

(फेरीब्रिजची कृष्णधवल छायाचित्रे)

इंग्लंडमधील फेरीब्रिज वीजकेंद्राच्या शीतमनोऱ्यांचे आरेखन करताना वाऱ्याचा वेग मिनिटभराच्या सरासरीने धरला गेला होता, क्षणिक झोतांनी नव्हे. १ नोव्हेंबर १९६५ रोजी आठांपैकी तीन मनोरे कोसळले.

(पुढील वीस सेकंद निवेदन नाही.)